नाका तोच, रस्ता तेवढाच: अलिबाग-मांडवा रोडवरच्या एका जंक्शनचं प्रकरण

अलिबागहून मांडव्याला जाणारा रस्ता ज्यांनी शनिवारी सकाळी पाहिलाय त्यांना फार काही सांगायला नको. मी ज्या नाक्याबद्दल लिहितोय त्याचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण यात गावातल्या बऱ्याच जणांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि एका लेकराचं दुखणं आहे. पट्ट्यातला माणूस वाचता वाचता ओळखेलच, आणि नाही ओळखला तरी चालेल, असे नाके थळपासून रेवसपर्यंत बरेच आहेत.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. मेन रोड दोन लेनचा, डांबर सात मीटर. उत्तरेला मांडवा, दक्षिणेला अलिबाग. पश्चिमेला गावातून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता फुटतो, पूर्वेला शाळेकडे जाणारा. अगदी कोपऱ्यावर एसटीचा थांबा, त्याच्या समोर मिनीडोरचा, म्हणजे सहा आसनी रिक्षांचा स्टँड, बाजूला मेडिकल, चिकनवाला, बेकरी, एटीएम. फेब्रुवारी लागला की पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बायका साईडपट्टीवर बसतात ते पावसापर्यंत. सकाळी मासे घेऊन कोळणी असतात. आणि चौकाच्या जरा उत्तरेला एक वळण, तिथे एका वाडीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि त्यावर वाढलेली मेंदी, त्यामुळे मांडव्याकडून येणाऱ्याला नाका दिसतो तो नाक्यावर पोचल्यावरच.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. त्याआधी मुंबईचा माणूस गेटवेवरून लाँचने किंवा कॅटामरानने यायचा, उतरला की बसने नाहीतर रिक्षाने पुढे. गाडी आणायची तर पनवेल, पेण, वडखळ करत शंभर किलोमीटरच्या आसपास ड्रायव्हिंग. आता गाडीच बोटीत घालतो आणि तासाभरात मांडव्याला. याबद्दल माझी काही तक्रार नाही, आमच्याकडची माणसंही मुंबईला दवाखान्यात त्याच बोटीने जातात आणि गावात चार पैसे आलेत ते त्याच बोटीमुळे. पण जेट्टीपासून पुढचा रस्ता बोट यायच्या आधी होता तसाच राहिला. परत जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हा पेणच्या बाजूनेही गाड्या वाढल्या, आणि उद्या रेवस-करंजा पूल झाला की तिसरीकडून येतील.

मी रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर म्हणून वीसेक वर्षं काढली, घर नाक्यापासून दोन मिनिटांवर, म्हणून या सगळ्यात पडलो. पण खरं पडलो ते त्या मंगळवारमुळे.

आठवीतली मुलगी, सायकलवरून गावाच्या बाजूने शाळेकडे क्रॉस करत होती. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, मांडव्याकडून एक गाडी वळणातून आली आणि ती दिसेपर्यंत उशीर झाला होता. गाडीवाल्याने ब्रेक मारले, डांबरावर टायरचे पट्टे उठले, तरी सायकलचं मागचं चाक गेलंच. मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीवाला पळाला नाही, त्यानेच उचलून अलिबागला नेलं, मी सोबत गेलो. गाडीत ती रडत नव्हती, पेपर आहे आज, एवढंच सारखं म्हणत होती. ते वाक्य अजून कानात आहे माझ्या.

संध्याकाळी देवळात मीटिंग झाली, सगळे तापलेले, आणि दोन मागण्या पुढे आल्या. एक म्हणजे रस्ता रुंद करा, दुसरी म्हणजे उद्याच्या उद्या स्पीडब्रेकर टाका. रुंदीकरणाचं म्हणणं असं की शनिवार-रविवारी एवढा जाम होतो, हे कधीतरी होणारच होतं. मला तिथेच खटकलं. जाम शनिवारी असतो, मुलगी मंगळवारी पडली, रस्ता रिकामा असताना. जाममध्ये गाडी पायी चालणाऱ्यापेक्षा हळू चालते, तिथे आरसे तुटतात, शिवीगाळ होते, पाय मोडायला लागतो तो स्पीड तिथे नसतोच. म्हणजे आपल्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि आपण दोन्हींवर एकच गोळी मागतोय, असं मी बोललो तर एक-दोघांनी मला गप्प बसवलं. त्यांचंही बरोबर होतं, ती वेळ नव्हती.

त्याच रात्री कोणीतरी सिमेंट आणि खडी टाकून रस्त्यावर आडवा ढेकूळ बनवला. वीतभर रुंद, वर टोकदार. दोन दिवसांत एक मोटारसायकलवाला रात्री त्यावरून उडाला आणि मिनीडोरमध्ये बसलेल्या एका गरोदर बाईला असा दणका बसला की तिच्या सासूने नाक्यावर येऊन सगळ्यांना ऐकवलं. आम्हीच पहारीने तो फोडून काढला. राग खरा होता, काम चुकलं होतं.

मग आम्ही चौघं बसलो. मेडिकलच्या वरच्या गच्चीवर, वही घेऊन, तीन शनिवार आणि मधले दोन साधे वार. शिकलेलं मोजमाप असं फार नव्हतं, कोण कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, आणि त्याच्या मागे काय होतं, एवढंच लिहायचं. याचा फायदा सांगतो. खाली उभं राहून आपण फक्त हॉर्न ऐकतो, वरून बघितलं की कळतं गाठ नेमकी कुठे बसते.

पहिली गोष्ट कळली ती ही की शनिवारीसुद्धा गाड्या सलग येत नाहीत. बोट लागली, दार उघडलं की गाड्यांचा एक लोंढा सुटतो, थोड्या वेळाने नाक्यावर येऊन आदळतो, आणि मग पुढची बोट लागेपर्यंत मधे बराच वेळ मागून फारशा गाड्या येत नाहीत. पण आधीचा लोंढा निस्तरेपर्यंत दुसरा येतो म्हणून आपल्याला दिवसभर जाम वाटतो. हिशेब करा ना, एक गाडी आणि तिच्यापुढची फट मिळून सात मीटर धरली तर शंभर गाड्या म्हणजे सातशे मीटरची रांग. ती पुढे सरकत असेल तर काही नाही, पण एक जण जरी आडवा थांबला तरी सातशे मीटर उभे.

आणि थांबत होते कोण? मांडव्याकडून येऊन किनाऱ्याला वळणारा. त्याला उजवीकडे वळायचंय, समोरून अलिबागच्या गाड्या येतायत, तो मधोमध थांबतो, त्याच्या डावीकडून निघून जायला जागा हवी तर तिथे एटीएमसमोर गाडी लावलेली. तेवढ्यात कोपऱ्यावर एसटी थांबते, तिला बाजूला घ्यायची तर साईडपट्टीवर बाईक आणि कांदे, म्हणून ती लेनमध्येच उभी. समोर मिनीडोर पॅसेंजर दिसेल तिथे. तीन-चार जण, प्रत्येक जण एखाद मिनिट, आणि चौक बंद.

आता रुंदीचा हिशेब. सात मीटर डांबर. एका बाजूला एक गाडी लावली तर पावणेदोन-एक मीटर गेले, दरवाजा उघडायला थोडं धरलं की राहतात पाच मीटर वीस सेंटिमीटर. आपल्याकडे बस-ट्रकची जास्तीत जास्त रुंदी कायद्याने २.६ मीटर. दोन बसेस समोरासमोर आल्या तर बरोबर ५.२. म्हणजे मधे आरशालासुद्धा जागा नाही. एक लावलेली गाडी दोन लेनचा रस्ता एक लेनचा करते, असं मी सांगायचो तेव्हा लोक मान हलवायचे, पण गच्चीवरून सरपंचांना आणि मिनीडोरवाल्या दोघांना हे प्रत्यक्ष दाखवलं तेव्हा पटलं. रुंदीकरण केलं असतं तर दोन्ही बाजूंच्या नारळ-पोफळीच्या वाड्या गेल्या असत्या, भूसंपादनात वर्षं गेली असती, आणि वाढलेल्या डांबरावर आणखी दोन रांगा पार्किंग झालं असतं. याबद्दल माझ्या मनात आता काडीचाही संशय नाही.

साध्या वारांचं चित्र उलटं. रस्ता रिकामा म्हणून वळणातून साठच्या वर गाड्या यायच्या. आयआरसीच्या, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात ड्रायव्हरला वस्तू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, साठच्या स्पीडला तेवढ्यात गाडी जवळपास ४२ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पूर्ण थांबायला ८० मीटर लागतात. चाळीसला ४५ आणि तीसला ३० पुरतात. आमच्या वळणातून नाका दिसायचा तो टेपने मोजला तर पन्नास मीटरच्या आतबाहेर. म्हणजे साठने येणारा कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, त्याला थांबणं शक्यच नव्हतं. त्या गाडीवाल्याला मी हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे, साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. आमचा नाका त्यात बसत नाही. बसू नये हीच इच्छा, पण त्यामुळे प्राधान्य मिळत नाही हेही तितकंच खरं. आमच्याकडे खरचटणं, आरसा, बंपर असलं सगळं जागेवरच मिटवतात, पोलिसांत जात नाही, म्हणजे कागदावर इथे काही घडतच नाही. म्हणून आम्ही मेडिकलमध्ये एक वही ठेवली, थोडक्यात वाचलेलं प्रकरणसुद्धा लिहायचं, तारीख, वेळ, कुठून कुठे. ही वही पुढे मीटिंगमध्ये फार उपयोगी पडली. दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीने नुसता नो पार्किंगचा बोर्ड लावून भागत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि ११७ खाली रीतसर अधिसूचना लागते, तरच पोलीस पावती फाडू शकतात. ते व्हायला वेळ लागला, अर्ज दोनदा परत आला, पण झालं.

सगळ्यात अवघड गेलं ते मिनीडोरवाल्यांचं. मी सुरुवातीलाच त्यांना म्हटलं की स्टँड आत पंचायतीच्या मोकळ्या जागेत न्या, तर एक जुना ड्रायव्हर उठून बोलला, "काका, तुमची पेन्शन येते, आमचा पॅसेंजर तीस पावलं चालला तर तो दुसऱ्याच्या गाडीत बसतो." आणि ते सोळा आणे खरं होतं. उन्हात पिशव्या घेऊन उभी राहिलेली बाई समोर येईल त्या गाडीत चढते. कायदा दाखवून त्यांना हलवलं असतं तर आठ दिवसांत परत तिथेच आले असते. चार बैठका झाल्या, एक तर नुसती भांडणात गेली. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. रस्त्याला लागून पण डांबराच्या बाहेर दोनच गाड्यांची जागा, एक अलिबागची, एक मांडव्याची, बाकी सगळ्या आत. पुढची भरली की आतला माणूस हाक मारतो, पुढचा नंबर येतो. वाटेत हात दाखवणाऱ्याला चौकाच्या आत घ्यायचं नाही, घेतला तर त्या दिवशी शेवटचा नंबर. दंड नको, नंबर गेला की पुरे, हे त्यांचंच म्हणणं. हा नियम आजही सगळ्यात कडक पाळला जातो, कुठल्याही बोर्डापेक्षा.

एसटीचा थांबा चौकातून काढून पुढे नेला, दोन्ही बाजूंना चौक ओलांडल्यावर, म्हणजे बस उभी राहिली तरी तिच्या मागची रांग चौक अडवत नाही आणि उतरलेली माणसं बसच्या मागून, जिथे गाड्या हळू असतात तिथून रस्ता ओलांडतात. यावर म्हाताऱ्या माणसांची नाराजी आली, आणि त्यात चूक काहीच नाही, गुडघे दुखणाऱ्याला पन्नास पावलं म्हणजे पन्नास पावलं. मग थांब्यापर्यंत चालायला सपाट पट्टी आणि मधे बसायला एक कट्टा केला.

ती पट्टी करताना साईडपट्टीचं दुखणं बाहेर आलं. डांबरावर डांबर चढवत चढवत रस्त्याची कड वीतभर उंच झालेली, सायकलवाल्याला खाली उतरता येत नाही आणि उतरला तर परत चढता येत नाही, म्हणून तोही गाड्यांच्या लेनमध्येच. आधी मुरूम भरला. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जूनच्या पहिल्या दोन सरींत मुरूम गटारात आणि गटार रस्त्यावर. मला वीस वर्षांच्या अनुभवाने हे माहीत होतं, तरी पैसे तेवढेच होते म्हणून गप्प बसलो, याचं वाईट वाटतं. दिवाळीनंतर चौकाच्या आसपास तेवढ्यात तरी काँक्रीट आणि पेव्हर बसवले, खाली मोरी साफ करून.

कांदेवाल्या बायकांना हलवायचं माझ्या मनात नव्हतं, त्या आमच्याच. पण घेणारा गाडी थांबवतो ती लेनमध्ये. त्यांना किनाऱ्याच्या रस्त्याच्या तोंडाशी, आत, जिथे चार-पाच गाड्या बाजूला लागतात तिथे जागा आखून दिली. पहिला आठवडा धंदा पडला, मग वाढला, कारण गिऱ्हाईक उतरून निवांत माळ बघतं, मागून हॉर्न नाही. एक मावशी म्हणाल्या, आता लोक भाव करायला पण थांबतात, ते तेवढं वाईट.

एक प्रयोग फसला तो सांगायलाच हवा. शनिवार-रविवार किनाऱ्याकडे उजवं वळण बंद करून गाड्या पुढच्या फाट्यावरून फिरवून आणायच्या, अशी कल्पना माझीच होती. कागदावर छान. पहिल्याच शनिवारी गूगल मॅपने अर्ध्या गाड्या कोळीवाड्याच्या गल्लीत घातल्या, जिथे समोरून हातगाडी आली तरी एकाला मागे जावं लागतं, आणि वाळत घातलेल्या बोंबलांवरून एक गाडी गेली. माणसं चिडली, मी जाऊन माफी मागितली, दुपारीच बंद केलं. त्याऐवजी एटीएमसमोरचं पार्किंग तीसेक मीटर पूर्ण काढलं, त्या जागेमुळे वळणारा मधे थांबला तरी सरळ जाणारा डावीकडून हळू निघून जातो. पांढरे पट्टे मारले, वळणाऱ्याची जागा वेगळी दाखवली. एवढ्या साध्या गोष्टीने जो फरक पडला तो मला स्वतःला अपेक्षित नव्हता. गाड्या लावायला शाळेच्या मागचं मैदान शनिवार-रविवारी उघडतात, त्याची पावती पंचायतीला जाते.

स्पीडचं काम शेवटी झालं पण नीट झालं. आयआरसीच्या मापाचा गोल गतिरोधक, ३.७ मीटर लांब, मधे १० सेंटिमीटर उंच, पंचवीसच्या स्पीडने गेलात तर कंबरेला कळतसुद्धा नाही आणि पन्नासने गेलात तर डोकं छताला. वळणाच्या आधी एक, आणि शाळेच्या रस्त्यासमोर झेब्राच उचलून घेतलाय, म्हणजे क्रॉस करणारं पोर गाड्यांच्या पातळीवर उतरत नाही, गाडी त्याच्या पातळीवर चढते. आधी बोर्ड, रात्री चमकणारे पट्टे. पावसाचं पाणी अडू नये म्हणून कडेला फट ठेवावी लागते आणि बाईकवाले बरोब्बर त्या फटीतून फुल स्पीडमध्ये जातात, म्हणून तिथे काँक्रीटचे ठोकळे लावले, पाणी जाईल, चाक जाणार नाही. गडग्यावरची मेंदी वाडीवाल्यांनी स्वतः छाटून कंबरेएवढी केली, आता बरंच लांबून दिसतं. बहिर्गोल आरसा लावला होता, तो खाऱ्या हवेने आणि पावसाने दोन सीझनमध्ये आंधळा झाला, त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

काय झालं या सगळ्याने? शनिवारची रांग आधी उत्तरेला देवळापर्यंत जायची, आता साधारण मोरीपर्यंत जाते आणि पुढची बोट लागायच्या आत सुटते. अलिबागला पेशंट घेऊन जाणारी रुग्णवाहिका अडकून पडल्याची नोंद वहीत या सीझनला नाही. थोडक्यात वाचलेल्यांच्या नोंदी कमी झाल्यात, पण एवढ्या काळावरून अपघात थांबले असं मी म्हणणार नाही, निदान तीन वर्षांची वही भरू दे. सलग सुट्ट्या आणि ३१ डिसेंबरला अजूनही सगळं ठप्प होतं, तेवढ्या गाड्यांना नाका काय करणार. नवीन पोलीस शिपाई आला की नो पार्किंग चार दिवस ढिलं पडतं आणि मेडिकलवाल्याला परत सगळ्यांना सांगत बसावं लागतं.

ती मुलगी आता दहावीत आहे. पाय बरा झाला, थंडीत दुखतो म्हणते. सायकल परत चालवायला लागली, पण वळणाकडे दोनदा बघून मगच पुढे होते, मी गच्चीवरून पाहतो.

मांडव्याकडे जाणाऱ्या थांब्याला अजून छप्पर नाही. अर्ज दिलाय, जागा मोजून झालीय, पावसाच्या आधी व्हायला हवं, नाहीतर माणसं परत कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पत्र्याखाली येऊन उभी राहतील आणि एसटीवाला त्यांच्यासाठी तिथेच थांबेल.